उन्हाळ्यात घरातले प्राणी आणि अंगणातले पक्षी: काय करायचं, कधी करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

मागच्या उन्हाळ्यात आमच्या कुत्र्याचे, ब्रूनोचे पंजे भाजले, आणि तेही भर दुपारी नाही, संध्याकाळी सहाला. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता, मला स्वतःला छान वाटत होतं म्हणून त्याला घेऊन बाहेर पडलो, तर दहा मिनिटांत हा रस्त्याच्या कडेला बसला तो उठायलाच तयार नाही. मला वाटलं नाटकं करतोय. घरी आणून बघतो तर पंजांखालच्या दोन गाद्यांवरची कातडी सोललेली. हवा थंड झाली होती, डांबर झालं नव्हतं, एवढी साधी गोष्ट, पण माझ्या पायात बूट होते ना, मला कुठून कळणार.

तेव्हापासून एक नियम केलाय, आपल्याला किती गरम होतंय यावरून त्यांचं काही ठरवायचं नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं त्याच नियमातून आलेलं आहे, काही स्वतः चुकून शिकलेलं, काही व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, झापून शिकवलेलं.

पहिलं म्हणजे, त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही

आपण पंख्याखाली बसलो की बरं वाटतं कारण अंगावरचा घाम वाळतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला असा घाम जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना येतो आणि तेवढ्याने काही भागत नाही, त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतली ओली बाजू यांवरून हवा जोरात ये-जा करते, तिथली ओल वाळते आणि तिथून जाणारं रक्त थंड होतं. आता यातून दोन गोष्टी निघतात. हवा दमट असली की कितीही धापा टाकल्या तरी ओल नीट वाळत नाही, त्यामुळे तापमापीवर आकडा कमी दिसतोय म्हणून निश्चिंत राहू नका, दमट दिवस कोरड्या दिवसापेक्षा जास्त त्रासाचा ठरू शकतो. आणि दुसरं, कोरड्या कुत्र्यावर नुसता पंखा सोडून फारसा फरक पडत नाही. पोट, जांघा, पंजे ओले करून मग पंखा लावा, तेव्हा पडतो. पाणी आणि वारा, दोन्ही एकत्र पाहिजे.

मांजर अंग चाटून तेच काम करतं, थुंकी वाळते आणि गारवा मिळतो. सशाला धापा टाकणं नीट जमत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो, त्याचे कान म्हणजे रेडिएटर समजा. पक्ष्यांना तर घामाच्या ग्रंथीच नसतात, ते चोच उघडून श्वास घेतात, आणि कबूतर, होले, घुबडं यांचा गळा थरथरताना दिसतो तोही त्याचसाठी. म्हणजे सशाचे कान सोडले तर बाकी सगळे जण थंड होण्यासाठी अंगातलं पाणी खर्च करत असतात. पाणी संपलं की थंड होणंही संपलं.

एक आकडा लक्षात ठेवा. कुत्र्या-मांजराचं नॉर्मल टेंपरेचर साधारण ३८ ते ३९.२ डिग्री सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे हाताला कान गरम लागला म्हणून ताप आहे असं होत नाही. नाक कोरडं म्हणजे आजारी हेही खरं नाही. घरात एक डिजिटल थर्मामीटर फक्त त्यांच्यासाठी ठेवा आणि गुदद्वारातून टेंपरेचर कसं घ्यायचं ते व्हेटकडून एकदा शिकून घ्या. ऐन गडबडीत पहिल्यांदा शिकायला गेलात तर थर्मामीटर फुटेल नाहीतर तुम्हाला चावा बसेल.

वेळ बदला, याला खर्च शून्य

लोक आधी कूलिंग मॅट, कूलिंग जॅकेट ऑर्डर करतात आणि वॉक मात्र पूर्वीच्याच वेळेला. उलटं करा. ब्रिटनमधल्या व्हेट दवाखान्यांच्या नोंदींवरून २०२० साली एक अभ्यास छापून आला, त्यात उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी, म्हणजे ज्यांचं कारण नोंदलेलं होतं त्यांच्यापैकी, जवळपास चारातले तीन कुत्रे पळण्या-चालण्या-खेळण्यामुळे आजारी पडले होते. गाडीत अडकून आजारी पडलेले शंभरात पाचच्या आसपास. गाडीचा धोका सगळ्यांना माहीत असतो, चेंडूचा कुणाला वाटत नाही.

तर वॉक पहाटे. रात्रभर जमीन थंड झालेली असते, दिवसातली ती सगळ्यात चांगली वेळ. संध्याकाळचा वॉक ढकलता येईल तेवढा उशिरा ढकला आणि निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. नाही टेकवता आली तर त्यालाही चालवायचं नाही, विषय संपला. हवा २५ डिग्री असताना उन्हातलं डांबर ५० च्या पुढे गेलेलं मोजलं गेलंय, त्यामुळे "आज एवढं काही ऊन नाही" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. गवत, माती बरी. सिमेंट, फरशी, वाळू, लोखंडी जाळी यांचीही तीच परीक्षा घ्या.

उन्हाळ्याचा पहिला आठवडा सगळ्यात वाईट, कारण शरीराला सवय झालेली नसते, ती व्हायला काही आठवडे लागतात. थंडीत पाच किलोमीटर पळणारा कुत्रा पहिल्या गरम दिवशी तेवढाच पळवला तर कोसळू शकतो. आणि चेंडू फेकायचा खेळ उन्हाळ्यात बंदच ठेवा असं मी म्हणेन, कारण कुत्रा स्वतःहून थांबत नाही, तुम्ही फेकत राहिलात की तो पळत राहतो, त्याला दमल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याऐवजी घरात खाऊ लपवून शोधायला लावा, जुन्या टॉवेलमध्ये बिस्किटं गुंडाळून द्या. नाकाने वीस मिनिटं काम केलं की तो चक्क झोपतो.

जास्त जपायचे कोण, तर चपट्या तोंडाचे, पग, बुलडॉग, बॉक्सर, शिहत्झू, मांजरांत पर्शियन. यांची धाप टाकायची वाटच अरुंद असते. मग लठ्ठ, म्हातारे, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेले, आणि लहान पिल्लं. आणि हो, मजल म्हणजे तोंडाला बांधायची जाळी वापरत असाल तर तोंड घट्ट आवळणारी कापडी उन्हाळ्यात नको, त्यात तोंडच उघडत नाही, धापा टाकणार कसा? टोपलीसारखी, आत तोंड पूर्ण उघडता येईल अशी घ्या.

गाडीचं थोडक्यात सांगतो. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत साधारण १० डिग्री वाढतात, तासाभरात २० च्या वर, आणि काच दोन बोटं खाली ठेवून काहीही फरक पडत नाही. "पाच मिनिटांत येतो" असं नसतं, काउंटरवर रांग असतेच.

पाणी: नुसतं ठेवून भागत नाही, पोटात गेलं पाहिजे

कुत्र्याला दिवसाला एका किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे २० किलोचा कुत्रा एक ते सव्वा लिटर, गरमीत त्याहून जास्त. कोरडं खाणं असेल तर पिणं जास्त, ओलं असेल तर कमी दिसेल, त्याने घाबरू नका. एक दिवस सकाळी मोजून बाऊल भरा आणि रात्री उरलेलं मोजा, म्हणजे आपल्या जनावराचा नेहमीचा अंदाज येतो, मग एखाद्या दिवशी फरक पडला तर लगेच कळतं. अचानक खूपच जास्त प्यायला लागला आणि ते थंड दिवसातही चालू राहिलं तर ती उन्हाळ्याची गोष्ट नसते, किडनी किंवा डायबेटिससाठी तपासून घ्या.

बाऊल दोन-तीन ठिकाणी ठेवा, जड ठेवा म्हणजे उलटा होणार नाही, आणि सावलीत ठेवा. उन्हात गेलेला स्टीलचा बाऊल हात लावून बघा एकदा. पाणी दिवसातून तीनदा बदला आणि रोज बोटाने आतून घासा, तो जो बुळबुळीत थर लागतो तो नुसतं विसळून जात नाही. बर्फाचं गार पाणी दिलं की कुत्रा मरतो असं मेसेजमध्ये फिरतं, ते खरं नाही, पाण्यात दोन-चार खडे टाकले तर काही होत नाही. फक्त मोठे कडक तुकडे चावायला देऊ नका, दात तुटतात.

मांजराचं वेगळंच असतं. यांचे पूर्वज वाळवंटातले, त्यामुळे तहान मुळातच कमी लागते आणि हे पाणी कमी पडूनही तसंच बसून राहतात. बाऊल खाण्याच्या ताटलीपासून आणि लिटरपासून, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेपासून, लांब ठेवा, पसरट घ्या, काठोकाठ भरा. काही मांजरांना वाहतं पाणी आवडतं, त्यांना छोटं कारंजं चालतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ओलं खाणं, त्यात ७० ते ८० टक्के पाणीच असतं, वर अजून दोन चमचे घाला. बोका लिटरमध्ये वारंवार जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, लघवी अडकणं एक-दोन दिवसांत जीव घेतं. "पोट साफ होत नसेल" असं समजून लोक वेळ घालवतात.

पाणी कमी पडलंय का हे बघायचं असेल तर हिरड्यांना बोट लावा. ओलसर गुळगुळीत लागल्या तर ठीक, चिकट कोरड्या लागल्या तर पाणी कमी आहे.

खाणं थंड वेळेला द्या, पहाटे आणि रात्री. गरमीत कुत्रा थोडं कमी खातो, चालतं. पण मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा, मांजराचं लिव्हर उपाशी राहिल्यावर लवकर बिघडतं. ओलं खाणं बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. कलिंगड बिया काढून, काकडी, असं थोडं थोडं चालतं. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट हे कधीच नाही, आणि शुगरफ्री आइस्क्रीम किंवा कँडीमध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला विष आहे. मुलांच्या हातातलं आइस्क्रीम चाटू देण्याआधी पाकीट वाचा.

घरातली जागा, केस आणि गोचीड

सावली सरकते. सकाळी दहाला बाल्कनीत सावली होती म्हणून तिथे बांधून गेलात आणि दोनला तिथेच रणरणतं ऊन. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी बघून ठेवा की ऊन कुठून कुठे जातं, मग जागा ठरवा. पत्र्याखाली तर बांधूच नका, पत्रा वरून ऊन थांबवतो आणि खाली भट्टी करतो. झाडाची सावली सगळ्यात चांगली. बंद लाकडी घर उन्हात असेल तर तेही भट्टीच.

घरात उन्हाच्या बाजूचे पडदे सकाळीच ओढा, समोरासमोरच्या खिडक्या रात्री उघडा. फरशीवर पाणी शिंपडून पंखा सोडा, झोपायला गादी आणि मोकळी फरशी दोन्ही असू द्या, त्याला पाहिजे तिथे तो जाईल. एसी असेल तर २५-२६ पुरे. पण फक्त एसीच्या भरवशावर खोलीत कोंडून बाहेर जाऊ नका, लाइट गेली तर काय? दार उघडं ठेवा म्हणजे त्याला बाथरूमच्या फरशीवर तरी जाता येईल. मांजर असेल तर उघड्या खिडक्यांना जाळी हवीच, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या राहतात आणि वरच्या मजल्यावरून मांजरं पडतात, ती नेहमी चार पायांवर सुखरूप उतरतात हा गैरसमज आहे.

केस भादरायचे का, हा प्रश्न दर वर्षी येतो. हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन, लॅब, पॉमेरेनियन यांना दोन थर असतात, वरचा थर ऊन अडवतो. तो मुळापासून काढला की कातडी उघडी पडते आणि काही वेळा केस परत नीट येतही नाहीत. आतला गळणारा मऊ थर रोज विंचरून काढा, हवा खेळती झाली की काम होतं. लांब केसांच्या मांजराच्या गाठी मात्र काढून घ्या. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांना ऊन लागतं, वर्षानुवर्षं लागत राहिलं तर कॅन्सरही होतो, त्यामुळे दुपारी खिडकीत झोपू देऊ नका. आपलं सनस्क्रीन लावू नका, ते चाटतात आणि झिंक ऑक्साइड पोटात जातं.

गोचीड याच दिवसात वाढतात. रोज कानात, बोटांच्या मधे, काखेत बोट फिरवून बघा. आणि हे नीट वाचा, कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनवालं गोचीडचं औषध मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं. घरात दोघं असतील तर आधी व्हेटला विचारा.

ससे, गिनीपिग, मासे, पिंजऱ्यातले पक्षी

ससा आणि गिनीपिग यांना २८ डिग्रीच्या पुढे त्रास व्हायला लागतो. पाण्याची बाटली गोठवून टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, ते टेकून बसतात. सशाचे कान ओल्या हाताने पुसा, पण सशाला आंघोळ घालू नका, भीतीनेच त्याला शॉक बसू शकतो. बुडाशी ओलं-घाण राहिलं तर माशा अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात, रोज उलटं करून बघा. सशाने अर्धा दिवस खाल्लं नाही की तो तातडीचा विषय समजा.

माशांना गरम पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो. २० डिग्रीच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० डिग्रीला साडेसात, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत म्हणजे हेच. एअर पंप वाढवा, लाइट बंद ठेवा, खाणं कमी करा, थोडं थोडं पाणी बदला. बर्फ थेट टाकू नका.

पक्ष्यांचा पिंजरा खिडकीला टांगू नका आणि एसीच्या झोतातही नको. बजरी, कॉकाटील असल्या छोट्या पोपटांना बारीक फवारा आवडतो, पण चोचीवर नाही, वरून पावसासारखा. आणि पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी सीलिंग फॅन बंद. प्रत्येक वेळी. यावर मी जास्त लिहीत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे.

उष्माघात झालाच तर

धापा थांबतच नाहीत, श्वासाला घोरल्यासारखा आवाज, जीभ-हिरड्या लालभडक आणि नंतर फिकट किंवा निळसर, लाळ दाट चिकट, चालताना लटपटणं, उलटी, जुलाब, कोसळणं, फिट. मांजराने तोंड उघडून धापा टाकणं हीच धोक्याची खूण, मांजर सहज म्हणून धापा टाकत नाही.

आधी थंड करा, मग न्या. हा क्रम पाठ करा. सावलीत घ्या आणि मिळेल ते पाणी ओतायला लागा, नळाचं, बाटलीतलं, बर्फ आणायला पळू नका. पोट, जांघा, काखा, मान, केसांच्या मुळापर्यंत पाणी गेलं पाहिजे, वरवर ओले झालेले केस काही कामाचे नाहीत. त्याच वेळी पंखा, किंवा हातात येईल त्याने वारा. "गार पाणी टाकू नका, शॉक बसेल" हा जुना सल्ला आता मागे पडलाय, तरुण तब्येतीचा कुत्रा असेल तर डोकं वर धरून टबातही बसवता येतो, म्हातारा किंवा आजारी असेल तर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून सोडून देऊ नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि वर गोधडीसारखा बसतो. शुद्धीत असेल आणि स्वतः पीत असेल तर पाणी द्या, तोंडात ओतू नका.

दुसऱ्या कुणाला तरी व्हेटला फोन करायला लावा. थर्मामीटर असेल तर बघत राहा, ४१ च्या वर म्हणजे जीवावर बेतलंय, ३९.५ च्या आसपास आलं की ओतणं थांबवा, नाहीतर उलट फार थंड पडतो. मग ओल्या अंगानेच, काचा उघड्या किंवा एसी फुल करून दवाखान्यात. क्रोसिन, आयबुप्रोफेन असलं काही देऊ नका, हा ताप नव्हे, त्या गोळ्यांनी उतरत नाही, आणि क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

उठून बसला, शेपूट हलवली, तरी नेऊन दाखवा. किडनी, लिव्हर आणि रक्त गोठण्याची गडबड एक ते तीन दिवसांनी वर येऊ शकते.

अंगणातले पक्षी

पाणी ठेवणं म्हणजे भांडं भरून विसरणं असं होऊन बसलंय, आणि मग तेच भांडं डासांचं आणि रोगाचं घर होतं. त्यापेक्षा न ठेवलेलं बरं. ठेवायचं तर असं ठेवा.

मातीचं पसरट परळ सगळ्यात चांगलं. ते पाझरतं, पाझरलेलं पाणी वाळतं आणि आतलं गार राहतं, वर खडबडीत असल्याने पाय घसरत नाहीत. स्टील, ॲल्युमिनियम उन्हात तापतं. खोली जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर, कडेला त्याहून उथळ. मधे दोन-तीन दगड असे ठेवा की त्यांचा माथा पाण्याच्या वर राहील, छोटे पक्षी त्यावर बसून पितात आणि मधमाश्याही बुडत नाहीत. बादल्या, टाक्या उघड्या असतील तर त्यात एक काठी तिरकी टाकून ठेवा, तहानेने उतरलेले पक्षी आणि खारी त्यात बुडतात.

जागा निवडताना मांजराच्या डोक्याने विचार करा. भांड्याभोवती दोन-तीन मीटर मोकळं पाहिजे म्हणजे दबा धरून बसता येणार नाही, आणि त्याच्या पलीकडे झाड किंवा झुडूप, म्हणजे पक्ष्याला उडून आडोसा घेता येईल. दुपारी सावली येईल अशी जागा. भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी पाणी ठेवत असाल, जरूर ठेवा, पण ते वेगळं, खाली आणि या भांड्यापासून लांब. मोठ्या खिडकीच्या काचेसमोर ठेवू नका, काचेत झाड दिसतं आणि पक्षी आपटतात. दुसरी जागाच नसेल तर काचेवर बाहेरून चार बोटांच्याही आत अंतर ठेवून पट्ट्या किंवा ठिपके चिकटवा.

पाणी पहाटे भरा आणि दुपारी परत एकदा, कारण नेमकी गरज असते तेव्हाच भांडं कोरडं पडलेलं असतं. रोज जुनं पाणी ओतून टाका, झाडाला घाला. डासाचं अंडं ते डास व्हायला गरमीत आठवडा-दहा दिवस लागतात, रोज बदललंत तर डास होणारच नाहीत. आठवड्यातून दोनदा ब्रशने घासा, साबण नको. आठवड्याला एकदा नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून भिजवा, खूप धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. दोन भांडी ठेवा आलटून पालटून, म्हणजे आळस होत नाही (मी आळशी आहे म्हणून सांगतोय). पाण्यात साखर, मीठ, ग्लुकोज, ओआरएस काही घालायचं नाही. नुसतं पाणी.

पहिले काही दिवस कोणी येणार नाही. भांड्याची जागा रोज बदलत बसू नका, त्यांना भरवसा यायला वेळ लागतो. वर एक बाटली टांगून बारीक भोकातून थेंब थेंब पडू द्या, थेंबांचा आवाज आणि हलणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं.

खाणं ठेवायचं तर सकाळी थोडं बारीक धान्य, संध्याकाळच्या आत उरलेलं उचलायचं नाहीतर उंदीर येतात. पाव, खारट, तळलेलं नको, आणि उरलेलं ओलं शिजवलेलं अन्न गरमीत दोन-तीन तासांत आंबतं, तेही नको. शेंगदाण्यांना बुरशीचा वास असेल तर फेका. एखादा पक्षी अंग फुगवून भांड्यापाशीच बसून राहिलाय, गिळता येत नाहीये, चोचीभोवती खाणं चिकटलंय असं दिसलं तर भांडी दोन आठवडे उचलून ठेवा. तुम्हाला वाईट वाटेल, पण एकाच पाण्यावर दहा पक्षी आले की तो आजार सगळ्यांना होतो.

कुंपण-झाडं छाटायचा उत्साह पावसाळ्यापर्यंत आवरा, आत घरटी असतात आणि पानं गेली की पिल्लं उन्हात उघडी पडतात. लाकडी घरटं लावलं असेल तर तोंड दुपारच्या उन्हाकडे नको, वरच्या बाजूला हवेला भोकं हवीत, आणि पिल्लं आत असताना घरट्यावर पाणी मारू नका.

पक्षी खाली पडलेला सापडला तर

आधी बघा की तो पिल्लू आहे का. अंगावर पिसं आलेली, फुदकणारं, आखूड शेपटीचं पिल्लू म्हणजे उडायला शिकतंय, आईबाप आसपासच असतात, मांजर असेल तर फक्त उचलून जवळच्या झुडपात सावलीला ठेवा. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही.

मोठा पक्षी चोच उघडी टाकून, पंख सोडून बसलाय, जवळ गेलं तरी उडत नाही, तर हलक्या हाताने कापडात धरा आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. खाली कापड, वर झाकण, घरातल्या थंड शांत कोपऱ्यात. पाय आणि पंखांच्या खाली थोडासा फवारा, समोर बाटलीच्या झाकणात पाणी. चोच उघडून पाणी घालू नका, हात जोडून सांगतो, पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागेच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि वाचू शकणारा पक्षी आपल्या हातात जातो. दूध, भात, पाव काही नको. मुलांना दाखवायला सारखं झाकण उघडू नका, तुमचं बघणं म्हणजे त्याच्यासाठी शिकारी बघतोय.

मांजराने धरलेला असेल तर जखम दिसो न दिसो, व्हेट किंवा पक्षी वाचवणाऱ्यांकडे न्याच, मांजराच्या दातातले जंतू दोन दिवसांत मारतात. रक्त, लोंबणारा पंख, तिरपी मान, तेव्हाही तेच.

नाहीतर तास-दोन तासांनी खोक्यात खडखड ऐकू येईल. मग ऊन उतरलं की खोकं अंगणात पाण्याच्या भांड्याजवळ, झाडाकडे तोंड करून ठेवायचं, झाकण उघडायचं आणि मागे सरकायचं. हातात घेऊन वर उडवायचं नाही. काही लगेच जातात, काही दहा मिनिटं काठावर बसून इकडेतिकडे बघतात, आमच्याकडची एक मैना तर आधी खाली उतरून पाणी प्यायली, मग गेली.